लघुजातीय पाळीव श्वानांची नित्य आरोग्यनिगा : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे शहर आणि पशुवैद्यक यांचे नाते जुने आहे. सैन्यातील घोड्यांच्या उपचारांची गरज ओळखून १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा सुरू झाली. त्यानंतर १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. या आरंभकाळात शास्त्राच्या केंद्रस्थानी घोडा, बैल, गाय अशी उपयुक्त जनावरे होती. आज औंध परिसरात पशुसंवर्धन आयुक्तालय आणि पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तर पुण्यापासून जवळच शिरवळ येथे १९८८ साली स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरातील दवाखान्यांत येणारा रुग्ण मात्र बदलला आहे. तो बहुधा कडेवर किंवा पिशवीतून येतो आणि त्याचे वजन अनेकदा तीन-चार किलोपेक्षा अधिक नसते.

या बदलामागे शहराची बदललेली घरे आहेत. वाड्यांच्या चौकात किंवा बंगल्याच्या आवारात राखणीसाठी कुत्रा पाळला जाई. सदनिकांमधील मर्यादित जागेत आटोपशीर आकाराचा, सोबतीचा कुत्रा अधिक सोयीचा ठरला. लोकप्रिय प्रतिमांनीही यास हातभार लावला. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील पांढऱ्या स्पिट्झमुळे आणि २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचलेल्या पगमुळे या जाती सर्वपरिचित झाल्या.

तथापि लहान कुत्रा म्हणजे लहान जबाबदारी, अशी समजूत याच काळात रूढ झाली. तो घराबाहेर फारसा जात नाही म्हणून लस टळते. उरलेली पोळी आणि बिस्किटे त्याला पुरतात. ताप आल्यास घरातील गोळीचा तुकडा दिला जातो. प्रस्तुत लेखात या समजुतींची तपासणी करून लघुजातीय श्वानांच्या नित्य निगेची मांडणी केली आहे. लहान कुत्रा ही मोठ्या कुत्र्याची छोटी प्रतिकृती नसून त्याच्या शरीरात चूक पचविण्याची क्षमता अत्यल्प असते, हे या मांडणीचे मुख्य सूत्र आहे.

लघुजाती म्हणजे काय

ज्यांना टॉय जाती म्हटले जाते त्या मुख्यतः सोबतीसाठी, पिढ्यान्‌पिढ्या निवडक प्रजननाने लहान केलेल्या जाती होत. चिहुआहुआ, पोमेरेनियन, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, मिनिएचर पिन्शर, शिह त्झू व पग या त्यांतील परिचित जाती. चिहुआहुआचे वजन सामान्यतः तीन किलोच्या आत असते, तर पग सहा ते आठ किलोंचा भरतो. पुण्यात ‘पामेरियन’ या नावाने ओळखला जाणारा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. तो मूळ पोमेरेनियनपेक्षा थोराड असला तरी त्याच्या निगेची तत्त्वे बव्हंशी तीच आहेत. ‘टीकप’ या नावाने विकली जाणारी पिल्ले ही स्वतंत्र जात नव्हे. अतिलहान आकार हाच विक्रीचा मुद्दा झाल्याने अशी पिल्ले अनेकदा अशक्त किंवा फार लवकर आईपासून तोडलेली असतात. केंद्र शासनाच्या २०१७ सालच्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही व प्रजनन करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. पिल्लू घेताना या दोन्ही बाबींची खातरजमा करणे ही आरोग्यनिगेची पहिली पायरी होय.

लहान शरीराचे गणित

प्राण्याचे शरीर जितके लहान, तितके वजनाच्या तुलनेत त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक. त्यामुळे लहान शरीरातून उष्णता लवकर निघून जाते आणि ती भरून काढण्यासाठी दर किलो वजनामागे अधिक ऊर्जा खर्चावी लागते. विश्रांत अवस्थेतील कुत्र्याची दैनिक ऊर्जेची गरज काढण्याचे रूढ सूत्र, वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, असे आहे. त्यानुसार ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे ९०० किलोकॅलरी, तर ३ किलोच्या कुत्र्याला सुमारे १६० किलोकॅलरी लागतात. वजन एक दशांश असले तरी गरज एक दशांश होत नाही. दर किलोमागे पाहिल्यास मोठ्या कुत्र्याला ३० आणि लहान कुत्र्याला ५३ किलोकॅलरी लागतात.

गरज अधिक, पण साठा कमी, अशी ही स्थिती आहे. टॉय जातीच्या पिल्लाच्या यकृतातील साखरेचा साठा काही तासांच्या उपवासातच संपू शकतो. पिल्लू मलूल होते, लटपटते, त्याला झटके येतात आणि वेळीच उपाय न झाल्यास ते दगावते. म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून चार ते सहा वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. लक्षणे दिसताच हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून, पिल्लाला उबेत ठेवून तातडीने दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पातळ पदार्थ ओतू नये. तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

हेच गणित औषधाला लागू होते. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ६० किलोच्या माणसाला दर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पडते. तीच गोळी अडीच किलोच्या कुत्र्याला दर किलोमागे २०० मिलिग्रॅम पडते. माणसाने एकाच वेळी २४ गोळ्या घ्याव्यात, तसे हे झाले. ही मात्रा यकृतास इजा पोहोचविणारी आहे. आयबुप्रोफेन तर याहून अल्प प्रमाणातही जठर व मूत्रपिंडास घातक ठरते. ‘पाव गोळी’ हा अंदाज लहान कुत्र्याच्या बाबतीत कधीही सुरक्षित नसतो.

आहार

पुण्यातील अनेक घरांत कुत्र्याचा आहार म्हणजे दूध-पोळी, वरण-भात आणि चहाच्या वेळचे बिस्किट असा असतो. घरचे अन्न वर्ज्य नाही. तथापि पोळी आणि भात यांतून मिळणारी प्रथिने कुत्र्याला अपुरी पडतात. अंडे, कोंबडी, मासे यांची जोड आवश्यक असते. शाकाहारी घरात पनीर, दही यांचा आधार घेता येतो, पण तेवढ्याने आहार परिपूर्ण होत नाही. अशा घरांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तयार खाद्य व पूरक क्षार-जीवनसत्त्वे द्यावीत. अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात, हेही लक्षात घ्यावे.

बिस्किटाचा हिशेब अधिक बोलका आहे. नसबंदी झालेल्या तीन किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसभरात सुमारे २५० किलोकॅलरी पुरतात. पाच ग्रॅमच्या एका ग्लुकोज बिस्किटात सुमारे २२ किलोकॅलरी असतात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बिस्किटे दिली तर दिवसाच्या गरजेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग साखर आणि मैद्याने भरतो. खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, या संकेतानुसार अशा कुत्र्याचा दिवसाचा वाटा जेमतेम एका बिस्किटाचा होतो.

काही नित्याचे खाद्यपदार्थ कुत्र्याला विषारी असतात. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे म्हणूनच निरुपद्रवी नव्हेत. कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. चॉकलेट हृदयगती व मज्जासंस्थेवर परिणाम करते. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलमुळे रक्तशर्करा एकाएकी घसरते. कुत्रा जितका लहान, तितकी घातक मात्रा अल्प असते.

लसीकरण व नोंदणी

औषधाची मात्रा वजनावर ठरते, लसीची मात्रा मात्र वजनावर ठरत नाही. रोगप्रतिकारक यंत्रणा जागृत होण्यासाठी उत्पादकाने निश्चित केलेली पूर्ण मात्रा आवश्यक असते. ‘छोटा आहे, अर्धीच द्या’ ही विनंती मान्य झाल्यास कुत्रा लस घेऊनही असुरक्षित राहू शकतो.

डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतदाह व लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्धच्या संयुक्त लसीची पहिली मात्रा वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात दिली जाते. ती दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीला निष्प्रभ करतात आणि ती कोणत्या आठवड्यात ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. मधली मात्रा चुकवू नये, याचे कारण हेच. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व त्यानंतर भारतातील प्रचलित पद्धतीनुसार दरवर्षी दिली जाते.

लहान जातींत लसीनंतर चेहऱ्यावर सूज, अंगावर गांधी किंवा उलटी अशी प्रतिक्रिया काहीशी अधिक आढळते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात लसीकरणानंतरच्या तीन दिवसांत दर दहा हजार कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांत प्रतिकूल प्रतिक्रिया नोंदली गेली. कुत्र्याचे वजन जितके कमी आणि एका भेटीतील लसींची संख्या जितकी अधिक, तितका हा धोका वाढलेला दिसला. यावरील उपाय लस टाळणे हा नव्हे. आवश्यकतेनुसार दोन लसींत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि लसीनंतर अर्धा तास दवाखान्याच्या आवारात थांबावे.

‘आमचा कुत्रा खाली जातच नाही’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. पार्व्होचा विषाणू पादत्राणांवरून घरात येतो. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या मूत्रातून पसरतात. रेबीज झाल्यावर माणूस वा कुत्रा क्वचितच वाचतो, आणि सोसायटीच्या फाटकाशी भटक्या कुत्र्याशी झालेली एक चकमकही पुरेशी असते. श्वानदंशातून माणसाला होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०२१ साली जाहीर झाले. प्रत्येक पाळीव कुत्र्याचे लसीकरण हा त्या साखळीतील एक दुवा आहे. पुणे महानगरपालिकेकडून पाळीव कुत्र्याचा परवाना घेणे बंधनकारक असून त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र लागते. घरातील पिल्लाने चावा किंवा ओरखडा घेतल्यासही जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जंत आणि गोचीड

जंत पिल्लाच्या शरीरात बहुधा आईकडूनच येतात. त्यामुळे वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंतनाशक देण्याची पद्धत आहे. प्रत्येक वेळी ताजे वजन करूनच मात्रा ठरवावी. गोलकृमींची अंडी मुलांच्या पोटात गेल्यास त्यांनाही आजार होतो, म्हणून हा कुटुंबाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

गोचिडांची बाब अधिक गंभीर आहे. तपकिरी श्वान-गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे व फर्निचरखाली अंडी घालते आणि तिच्या चाव्यातून एर्लिकिया, बबेसिया यांसारख्या रोगांचा प्रसार होतो. ताप, अन्नावरची वासना उडणे, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त येणे ही याची लक्षणे होत. तीन किलोच्या कुत्र्याच्या शरीरात एकूण रक्त सुमारे पाव लिटर असते. त्यामुळे रक्तक्षयाची मजल लवकर गाठली जाते. मोठ्या कुत्र्यासाठीची गोचीडनाशक गोळी तोडून किंवा मानेवर टाकायचे थेंब विभागून देऊ नयेत. औषधाचे वितरण समान होत नाही आणि विषबाधा संभवते. चिहुआहुआसारख्या जातीत अमिट्राझयुक्त औषधे विशेष सावधगिरीने वापरावी लागतात. कुत्र्यावरील उपचारांबरोबर घरातील फटींची स्वच्छता झाली नाही, तर उपचार अपुरे ठरतात.

दातांची निगा

लघुजातींत सर्वाधिक दुर्लक्षित अवयव म्हणजे तोंड. कुत्र्याला २८ दुधाचे आणि ४२ कायमचे दात असतात. लहान जबड्यात तितकेच दात दाटीवाटीने बसतात आणि त्यांच्या फटींत अन्न अडकते. अनेकदा दुधाचे सुळे पडत नाहीत व कायमचे सुळे त्यांच्या शेजारीच उगवतात. सहा-सात महिन्यांच्या वयात अशी जोडी दिसल्यास दुधाचे सुळे काढून घेणे श्रेयस्कर.

दातांवर जमणारा चिकट थर दोन-तीन दिवसांत कठीण होऊन त्याचे कीटण बनते. त्याखाली हिरडी व हाड झिजत जाते. बहुसंख्य कुत्र्यांत वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत या रोगाची काही ना काही चिन्हे दिसतात. तोंडाची दुर्गंधी हा स्वभावधर्म नसून रोगाचे लक्षण आहे. टॉय जातींत खालच्या दाढेची मुळे जबड्याच्या कडेपर्यंत पोहोचलेली असतात. हाड झिजल्यावर सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही जबडा मोडू शकतो. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट वापरून रोज दात घासणे हा उपाय स्वस्त व प्रभावी आहे. माणसांची टूथपेस्ट कुत्रा गिळतो, म्हणून ती वापरू नये. साचलेले कीटण भूल देऊनच नीट काढता येते. त्यापूर्वी रक्ततपासणी करावी, आणि लहान शरीर भुलेखाली लवकर थंड पडते म्हणून उबेची व्यवस्था असल्याची खात्री करावी.

श्वासनलिका, गुडघे आणि हृदय

लहान जातींत श्वासनलिकेच्या कूर्चेची कडी दुबळी होऊन नलिका चपटी होते. उत्तेजित झाल्यावर किंवा पट्टा ओढला गेल्यावर येणारा, बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला हे त्याचे लक्षण. अशा कुत्र्यांना गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बांधावा आणि वजन आटोक्यात ठेवावे. उदबत्ती व धूम्रपानाचा धूरही त्रासदायक ठरतो.

चालता चालता मागचा पाय उचलून दोन-चार पावले तीन पायांवर उड्या मारणे व पुन्हा पूर्ववत चालणे, हे अनेकांना गमतीचे वाटते. वस्तुतः ते गुडघ्याची वाटी सरकल्याचे लक्षण असते. नव्या सदनिकांतील गुळगुळीत फरशीवर पाय घसरून हा विकार बळावतो. पायपुसणी किंवा सतरंज्या अंथरणे, पंजाखालील केस कापणे आणि पलंगाशी पायरी ठेवणे हे साधे उपाय उपयोगी पडतात.

उतारवयात हृदयाची झडप गळू लागणे हा लहान जातींचा प्रमुख विकार आहे. त्याची चाहूल घरीच घेता येते. गाढ झोपेत छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. हा आकडा सामान्यतः ३० च्या आत असतो; तो सातत्याने वाढत गेल्यास हृदयतपासणी लांबवू नये.

केस, त्वचा, डोळे व प्रजनन

पोमेरेनियन व स्पिट्झ यांची लव दुहेरी असते. आतील मऊ लव आणि बाहेरचे लांब केस यांत हवेचा थर राहतो व तो उन्हापासूनही रक्षण करतो. उन्हाळ्यात यंत्राने मुंडण केल्यास त्वचा भाजते आणि काही कुत्र्यांत केस महिनोन्‌महिने उगवत नाहीत. नियमित विंचरणे हाच खरा उपाय. स्नान तीन-चार आठवड्यांनी पुरेसे असते. पग व शिह त्झू यांचे डोळे उथळ खोबणीत असल्याने त्यांना मानेच्या कातडीला धरून उचलू नये. डोळा बाहेर येण्याचा धोका असतो. पगच्या चेहऱ्यावरील घड्या रोज कोरड्या पुसाव्यात. फरशीवर चालणाऱ्या कुत्र्यांची नखे झिजत नाहीत, ती दर महिन्याला कापावीत.

लहान मादीचा जननमार्ग अरुंद असल्याने प्रसूती अडण्याची शक्यता अधिक असते, तसेच पिल्लांना पाजताना रक्तातील कॅल्शियम घटून झटके येऊ शकतात. प्रजननाचा हेतू नसल्यास नसबंदी करणे हिताचे. त्यामुळे उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकारही टळतो.

पुण्याच्या ऋतुमानानुसार दक्षता

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड करतो आणि पगसारख्या आखूड नाकाच्या जातींत ही यंत्रणाच तोकडी असते. फिरणे सूर्योदयापूर्वी व रात्री उरकावे, बंद मोटारीत क्षणभरही ठेवू नये. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्माघाताच्या लक्षणांत अंगावर साधे गार पाणी ओतून, पंख्याखाली ठेवून दवाखान्याकडे निघावे.

पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांतून चालणे टाळावे व परतल्यावर पंजांच्या बोटांमधील जागा कोरडी करावी. गणेशोत्सवातील ढोल-ताशे आणि दिवाळीतील फटाके यांच्या काळात आतल्या खोलीत, खिडक्या लावून कुत्र्याची सोय करावी. भीती तीव्र असल्यास आधीच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा आखूड केसांच्या, वृद्ध व अगदी लहान कुत्र्यांना उबदार अंथरूण आवश्यक असते.

निष्कर्ष

लघुजातीय श्वानांची निगा खर्चिक उपकरणांवर फारशी अवलंबून नाही. ती मोजमाप आणि नियमितपणा यांवर अवलंबून आहे. तीन किलोच्या कुत्र्याचे ३०० ग्रॅम वजन घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटणे होय. पण ते नुसत्या डोळ्यांना, विशेषतः दाट केसांखाली, दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर वजन, झोपेतील श्वासांची संख्या, हिरड्यांचा रंग, लस व जंतनाशकाच्या तारखा यांची एक साधी वही घरात असावी. तरुण कुत्र्याची वर्षातून एकदा आणि सात-आठ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. लहान जाती चांगल्या निगेने बारा ते पंधरा वर्षे जगतात. त्यांना खेळणे न समजता अल्प राखीव शक्तीचा, पण पूर्ण गरजांचा जीव समजणे, ही त्या दीर्घ सोबतीची पूर्वअट आहे.